खोकला नसलेला क्षय

क्षय म्हटला की खोकला, थुंकीतले रक्त आणि खंगलेली छाती एवढेच चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. ते खोटे नव्हे, अपुरे आहे. भारतात नोंदल्या जाणाऱ्या दर चार-पाच क्षयरोग्यांपैकी एकाचा रोग फुप्फुसाबाहेर असतो, व अशा रोग्याला पुष्कळदा खोकला मुळीच नसतो. थुंकी तपासली, निर्दोष निघाली, की घरची मंडळी निर्धास्त होतात. परंतु थुंकी फुप्फुसाची साक्ष देते. मानेची वा मणक्याची नव्हे.

सर्वांत अधिक आढळते ती मानेतली गाठ. जुनी माणसे तिला गंडमाळ म्हणत. (इंग्लंडात राजाच्या स्पर्शाने ती बरी होते असा समज होता. १७१२ साली बाळ सॅम्युएल जॉन्सनला अ‍ॅन राणीपुढे नेले; व्रण मात्र जन्मभर राहिले.) गाठ बहुधा दुखत नाही, हळूहळू वाढते, शेजारच्या गाठीला चिकटते, पुढे फुटून वाहू लागते. मुलीचे लग्न अडेल या धास्तीने ती पदराआड लपवली जाते, लेपांवर महिने जातात. वाचकहो, दोन आठवडे टिकलेली गाठ डॉक्टरांना दाखवावीच. सुईने अंश काढून तपासतात. छाती निर्दोष असेल तर अशा रोग्यापासून घरच्यांना संसर्ग होत नाही. मग तिचे ताट वेगळे मांडण्याचे कारण काय?

मणक्याचा क्षय अधिक फसवा. शेतात वाकणाऱ्याची पाठ दुखायचीच, असे आपण म्हणतो. तथापि श्रमाची पाठदुखी विश्रांतीने उतरते. ही रात्री जागवते, आठवडेच्या आठवडे राहते. सोबत सायंकाळी बारीक ताप, उतरते वजन. पायांना मुंग्या येऊ लागल्या, तर दिवस घालवू नये. उशीर झाल्यास पाय लुळे पडतात.

मुलाला कित्येक दिवस ताप, डोकेदुखी, उलट्या, आणि मग गुंगी, असे झाल्यास दृष्ट काढीत बसू नये. त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. मेंदूच्या आवरणाचा क्षय जीव घेतो.

सरकारी दवाखान्यात औषध विनामूल्य मिळते, आणि नोव्हेंबर २०२४ पासून आहारासाठी दरमहा १,००० रुपये. गाठीला साधारण सहा महिने, हाडाला व मेंदूला वर्षभर वा अधिक. उपचार चालू असता गाठ कधी कधी अधिक सुजते, नवीही उठते. औषध लागू पडत नाही असे समजून पुष्कळजण येथेच ते सोडतात. अशा वेळी गोळ्या चालू ठेवून डॉक्टरांकडे जावे.