मत बाजूला ठेवण्याची नोकरी

आमच्या संशोधन कक्षात व्हाइटनर आणायला मनाई आहे. आकडा चुकला तर त्यावर एकच आडवी रेघ मारायची. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी बरोबर आकडा, सही आणि तारीख. नव्याने आलेली नर्स सुरुवातीला हमखास आकडा गिरवते आणि कोऑर्डिनेटर तिला पुन्हा समजावते. ठरावीक काळाने मॉनिटर येतो, केसपेपर आणि चाचणीचा फॉर्म शेजारी-शेजारी ठेवतो आणि ओळ न् ओळ ताडून पाहतो. वॉर्डात ‘ताप आहे’ एवढ्यावर भागतं. इथे किती, किती वाजता आणि कोणी मोजला, हे तिन्ही लागतं.

मी फिजिशियन आहे. संसर्गजन्य रोग, त्यातही क्षय, हा माझा विषय. वॉर्डातून औषधांच्या चाचण्यांकडे वळले आणि पुढे प्रमुख संशोधक झाले. आमच्याकडे सगळे ‘पीआय’ म्हणतात. पीआय म्हणजे सगळ्यांत जास्त कळणारी व्यक्ती, असा बाहेर समज आहे. डॉक्टरला वर्षानुवर्षं पटकन मत बनवायला शिकवलेलं असतं. रुग्ण दारातून आत येताना त्याची चाल, गळ्याजवळचे खड्डे, खोकल्याचा आवाज यांवरून निम्मं निदान झालेलं असतं. पीआयला मात्र आपलं हेच मत चाचणीत कुठूनही शिरू नये याची तजवीज करावी लागते, आणि पगार त्या तजविजीचा असतो.

ही तजवीज संमतीपासून सुरू होते. समोर बसलेला रिक्षाचालक माहितीपत्रक न वाचताच म्हणतो, “मॅडम, तुम्ही द्याल ते औषध घेतो. सही कुठं करू?” वॉर्डात असा विश्वास मिळाला की डॉक्टरला बरं वाटतं. इथे तो धोक्याचा.

“सही राहू द्या. आधी मला सांगा, तुम्हाला नवं औषध द्यायचं की नेहमीचं, हे कोण ठरवणार?”

“तुम्हीच की.”

“मी नाही. संगणक ठरवणार. आणि मधेच नको वाटलं तर काय कराल?”

“सोडून कसं चालेल? तुम्ही नाराज व्हाल.”

म्हणजे अजून काहीच पोचलेलं नाही. मी पुन्हा सुरुवात करते. नाही म्हटलं तरी उपचार मिळणार आहेत, मधेच सोडलं तरी मिळणार आहेत. हे त्याने स्वतःच्या शब्दांत परत सांगेपर्यंत कागद पुढे सरकत नाही. घरी जाऊन बायकोशी बोला, उद्या या, असंही सांगते. काही जण परत येत नाहीत, आणि तेही बरोबरच असतं. वाचता न येणाऱ्या माणसासाठी चाचणीशी संबंध नसलेला साक्षीदार बसवावा लागतो. २०१९च्या नियमांनुसार अगदी नव्या रेणूच्या चाचणीत दुर्बल गटातली व्यक्ती असेल, तर संमतीचं दृक्‌श्राव्य चित्रीकरण होतं. एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या औषधांसाठी मात्र फक्त आवाज नोंदवतात, कारण तिथे चेहरा दिसणं हीच इजा ठरू शकते.

त्याआधी चाचणीचा आराखडा, म्हणजे प्रोटोकॉल, नैतिकता समितीपुढे गेलेला असतो. समितीत किमान सात जण लागतात. त्यांत कायदा जाणणारं कोणी, वैद्यकाबाहेरची सामान्य व्यक्ती आणि किमान एक स्त्री हवी. निम्मे सदस्य संस्थेबाहेरचे. तज्ज्ञांचे प्रश्न अपेक्षित असतात. अडचणीत आणतो तो सामान्य सदस्य: “तपासणीला इतक्या वेळा यायचं, मग बुडालेल्या रोजाचं काय?” असा प्रश्न आला की वेळापत्रक आणि खर्चाचं पान दोन्ही नव्याने लिहावी लागतात.

मग गट पडतात. बटण दाबलं की पडद्यावर ‘अ’ किंवा ‘ब’. अंगावरचे कपडे सैल झालेली एखादी मुलगी समोर असते आणि तिला नवं औषध मिळावं असं मनापासून वाटतं. ते मनातच ठेवायचं. क्षयाच्या अनेक चाचण्यांत पुढे गट आम्हाला कळतो, पण प्रयोगशाळेत बेडक्याचं कल्चर वाचणाऱ्याला कळत नाही. द्रव माध्यमातली ती बाटली ४२ दिवस ठेवल्याशिवाय ‘जंतू नाहीत’ असं लिहिता येत नाही. त्या दिवसांत रुग्ण हसत आला, वजन वाढलं, तरी निष्कर्षाच्या रकान्यात काही भरायचं नसतं.

हात मोकळे असतात ते सुरक्षिततेपुरते, आणि तिथे डॉक्टर पुरेपूर लागतो. लिनेझोलिड या क्षयाच्या औषधाने पायांच्या नसा बधिर होऊ शकतात, म्हणून १२८ हर्ट्झचा कंपनकाटा पायाच्या अंगठ्यावर टेकवायचा आणि कंप थांबला की सांगा, म्हणायचं. रुग्ण आधीच ‘थांबला’ म्हणाला, तर आपल्या बोटांना तो अजून जाणवत असतो. बेडाक्विलिन या दुसऱ्या औषधावर ईसीजीतला क्यूटी काळ ५०० मिलिसेकंदांपुढे गेला की औषध थांबवायचं. सहभागी कुठल्याही कारणाने दवाखान्यात भरती झाला, तर २४ तासांत कळवायचं, मग तो रिक्षावरून पडलेला का असेना. औषधाचा काय संबंध, असं वाटलं तरी कळवायचं. संबंध आहे की नाही हे ठरवण्याची प्रक्रिया नंतरची.

हा सगळा खटाटोप संशयी कारकुनांनी उभा केलेला नाही. त्यामागे क्षयाचाच इतिहास आहे. १९४८ साली निकाल प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीत ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी बंद पाकिटं वापरली, म्हणजे औषध कोणाला द्यायचं हे डॉक्टरच्या मर्जीवर राहिलं नाही. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ पैकी ४, तर फक्त विश्रांतीवरच्या ५२ पैकी १४ रुग्ण दगावले. त्याच चाचणीने औषधाला दाद न देणारे जंतूही दाखवून दिले.

त्याहून मोठा धडा आपल्याकडचा. क्षयरोग्याला सॅनेटोरियमच हवं, मोकळी हवा, अंडी-दूध, अंथरुणात विश्रांती, हे तेव्हाच्या डॉक्टरांचं पक्कं मत होतं. मद्रासच्या टीबी केमोथेरपी सेंटरने १९५६मध्ये वॉलेस फॉक्स यांच्या देखरेखीखाली हे मत तपासायला घेतलं. १९३ रुग्ण, सगळ्यांना तीच औषधं. काहींना सॅनेटोरियममध्ये, काहींना दाटीवाटीच्या घरात. १९५९मध्ये निकाल आला. घरच्या रुग्णांचं खाणं तोकडं होतं, वजन कमी वाढलं, तरी क्षय जवळपास तितकाच आटोक्यात आला. घरच्यांना त्यांच्यापासून जास्त लागणही झाली नाही. जगभर क्षयाचे उपचार घरी आले ते यामुळे.

पण या निकालातून हळूहळू दुसरंच मत तयार झालं: औषध नीट घेतलं तर खाण्याला फारसं महत्त्व नाही. मद्रासची चाचणी मुळात घर की सॅनेटोरियम या प्रश्नासाठी आखलेली होती. अनुराग भार्गव यांनी छत्तीसगडमधल्या गनियारीला, जन स्वास्थ्य सहयोगच्या दवाखान्यात, जे रुग्ण पाहिले त्यांत पुरुषांचं वजन सरासरी ४२ किलोच्या आसपास होतं, स्त्रियांचं ३४. वजनकाट्यावरचा हा आकडा रोज पाहून एखादा डॉक्टर हळहळला असता, शिधा वाटला असता. अनुराग आणि माधवी भार्गव यांनी पुढे त्याची चाचणी उभी केली. झारखंडमध्ये २,८०० रुग्णांच्या घरातल्या १०,३४५ जणांची ‘रेशन्स’ चाचणी. रुग्णांना सगळीकडे शिधा मिळाला. घरच्यांना मात्र एका गटात महिन्याला माणशी ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या, दुसऱ्या गटात काही नाही. २०२३मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. शिधा मिळालेल्या घरांत नवा क्षय ३९ टक्क्यांनी कमी.

नुसता शिधा वाटला असता, तर त्याची किंमत सरकारला कधीच पटवून देता आली नसती. उपाशी घरांची तुलना जेवत्या घरांशी करणं हे कोणाही डॉक्टरला जड जाणार. ते जड जाणंही नियोजनात धरावं लागतं: रुग्णाला सगळीकडे शिधा द्यायचा हा निर्णय त्यातलाच. पीआयचं खरं काम इथे असतं, प्रश्न कुठवर ताणायचा आणि माणूस म्हणून कुठे थांबायचं हे आधी कागदावर ठरवण्यात. निकाल दिसू लागल्यावर ठरवलं, तर पुन्हा मतच शिरतं.

चाचणी चालवायची आहे असं सांगत तरुण डॉक्टर येतात, तेव्हा मी त्यांना दोन ओळी लिहायला सांगते. उपचारातली जी गोष्ट तुम्हाला अगदी खात्रीची वाटते, ती पहिल्या ओळीत. ती खोटी आहे हे मान्य करायला तुम्हाला काय दिसावं लागेल, ते दुसऱ्या ओळीत. पहिली ओळ सगळे भराभर लिहितात. दुसरी ज्यांना सुचत नाही, ते उत्तम डॉक्टर असू शकतात. चाचणी त्यांच्या हाती देऊ नये.