मागे उरलेल्या लुगड्यांची गोधडी

घरातील वडीलधारे माणूस गेले म्हणजे तेरावा उरकेपर्यंत घराला विचार करावयास उसंत नसते; पण पाहुणे पांगले, तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज गेला, बँकेतील खात्याची वासलात लागली आणि भांडीकुंडी व दागदागिने यांची वाटणीही, मनात फारशी अढी न राहता, पार पडली, म्हणजे जिची नोंद कोणत्याही दप्तरात नसते आणि जिच्यावर कोणी हक्क सांगत नाही अशी एकच जिन्नस मागे राहते, ती म्हणजे मयताच्या कपड्यांची ट्रंक. अंगावरचे शेवटचे वस्त्र बहुधा घरात ठेवीत नाहीत. घडी न मोडलेली लुगडी लेकीसुना आठवण म्हणून नेतात. धडधाकट असतील ती गरजूंना दिली जातात. परंतु नेसून नेसून मऊ झालेली, काठ विरलेली, उजेडात धरली तर पलीकडचे दिसावे इतकी झिजलेली जी उरतात, ती कोणाला देववत नाहीत आणि टाकवतही नाहीत. या पेचातून मराठी घराने फार पूर्वीपासून जी वाट काढली आहे, ती गोधडीची.

कोठे तिला वाकळ म्हणतात, कोठे लेपडे. आणि चार पदरी असली तर चौघडी. या शेवटच्या नावात थोडे गणितही आहे. नऊवारी लुगडे म्हणजे सत्तावीस फूट कापड. त्याची लांबीत चौपट घडी घातली की पावणेसात फूट होतात, आणि पन्हा चार फुटांच्या आसपास असतो. म्हणजे कात्री न लावता, एका बाईच्या एका लुगड्यातून, एका माणसाला पुरेल एवढे पांघरूण आपोआप सिद्ध होते. ज्या कोणा बाईने हा हिशेब प्रथम मांडला तिला कापडाचे शास्त्र उत्तम अवगत असले पाहिजे.

माझी आजी गेली त्या वर्षी, चैत्रात, आत्याने तिची पाच लुगडी ओसरीवर काढली. त्यांत दोन हिरव्या चौकड्यांची होती, एक काळी चंद्रकळा, एक पिवळे आणि एक असे की त्याचा मूळ रंग कोणता यावर आत्या आणि धाकटी काकू यांचे शेवटपर्यंत एकमत झाले नाही. आत्याने प्रत्येक लुगडे दोन्ही हातांत धरून हलकेच ताणून पाहिले. जे करकरले ते पोटात जावयाचे, ज्याने ताण सोसला ते वर यावयाचे. कारण गोधडीच्या पोटातील कापडाने केवळ ऊब द्यावयाची असते, झीज सोसावयाची असते ती वरच्याने. मी त्या वेळी दहा-अकरा वर्षांचा. चंद्रकळा पोटात जाते आहे असे पाहून मी म्हणालो, "आत्या, ती वर घे ना, आजी सणाला तीच नेसायची." आत्या सुईत दोरा ओवीत होती. मान वर न करता ती म्हणाली, "विरलीय रे ती. वर घातली तर दोन वर्षांत फाटेल. आत राहील तर आपल्याला पुरेल."

खालचा पदर जमिनीवर अंथरून चार कोपऱ्यांवर वजने ठेवली गेली. त्यावर थर आले, प्रत्येक थराची सुरकुती तळहाताने मधून कडेकडे सारली गेली, आणि सगळ्यांवर मुख्य पदर. प्रथम लांब लांब कच्चे टाके घालून सगळे जागच्या जागी टाचून घेतले. मग खरी शिवण, आणि तिचा टाका म्हणजे ज्याला आपण धावदोरा म्हणतो तोच, शिवणकामात सर्वांत आधी शिकविला जाणारा. आमच्याकडे तो कडेपासून सुरू होतो आणि चौकोनात चौकोन असा आत आत सरकत जातो. दोघी-तिघी बायका समोरासमोर बसून शिवीत, आणि ज्या बाजूला काकू बसत त्या बाजूचे टाके मोठे पडत. ते आजही ओळखू येतात. दुपारची झाकपाक झाल्यावर तास-दीड तास, असे करीत वैशाखाचा बराचसा भाग त्यात गेला. आजीविषयी ज्या गोष्टी तेराव्यापर्यंत कोणी बोलले नव्हते, त्या त्या दुपारी निघाल्या. त्यांतील काही तिला मुळीच आवडल्या नसत्या.

हे सारे मी नंतर विसरलो होतो याचे प्रत्यंतर वडील गेल्यावर आले. त्यांचे आठ सदरे मी शहरातील एका शिवणाऱ्याकडे गोधडीसाठी दिले. पंधरा दिवसांनी गोधडी आली ती यंत्रावर शिवलेली, रेषांची, सुबक. परंतु सदऱ्यांचे खिसे, कॉलर आणि शाईचा डाग पडलेला एक भाग त्याने 'खराब माल' म्हणून काढून टाकला होता. त्याचा दोष नव्हता. काय राखावयाचे हे मी सांगावयास हवे होते. ज्यांना असे काम करवून घ्यावयाचे आहे त्यांनी म्हणून घाई करू नये. कोणता काठ, कोणता खिसा, कोणते ठिगळ दिसले पाहिजे त्याची यादी करावी, निदान एक वस्त्र अखंड बाजूला ठेवावे, आणि मगच कात्री हाती घ्यावी. सुती कापडात ताणले जाणारे विणीचे कापड मिसळू नये. पहिल्या धुण्यातच शिवणीला पीळ पडतो. कपडे आधी धुवावे की नाही, हा प्रश्न मात्र शास्त्राचा नाही. माणसाचा वास काही दिवस राहावा असे वाटणाऱ्याला मी तरी धुवा म्हणणार नाही.

मयताच्या कपड्यांची गोधडी करणे ही केवळ आपलीच रीत नव्हे. दूर अमेरिकेत, अलाबामा राज्यातील नदीच्या वळणात गीज बेंड नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती आहे. तेथील मिसूरी पेटवे या बाईने पतीच्या निधनानंतर, 1942 साली, त्याच्या शेतकामाच्या कपड्यांची गोधडी केली. मोठी मुलगी आर्लोन्झिया हिने मदत केली. त्या गोधडीत फिकट झालेले निळे जाड कापड आहे, कॉर्डुरॉयचे तुकडे आहेत आणि सुती पोत्याचेही कापड आहे. लांबी साडेसात फूट. घरात हवाच होता असा एक पांघरुणाचा नग म्हणूनच ती शिवली गेली, आणि शिवताना तिचा धनी त्या कापडात राहावा हा हेतूही उघड होता. या दोन हेतूंत मिसूरीला विरोध दिसला नाही. साठ वर्षांनी, 2002 मध्ये, गीज बेंडच्या गोधड्यांचे प्रदर्शन ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात भरले आणि कलासमीक्षकांनी त्यांत आधुनिक चित्रकला पाहिली. ती असेलही, पण त्यांतील निदान एक तरी गोधडी एका विधवेने शेतकऱ्याच्या जुन्या विजारींपासून केली होती, हे समीक्षेच्या भाषेत कोठेतरी हरवते.

याच्या अगदी उलट टोक केंटकीतील एलिझाबेथ मिचेल हिने 1843 च्या सुमारास केलेल्या गोधडीचे. तिच्या मधोमध कुंपण घातलेले स्मशान आहे आणि कडेने कापडी शवपेट्या, नावे लावलेल्या; ज्याचा मृत्यू होईल त्याची पेटी कडेवरून उचलून मधल्या स्मशानात नेऊन शिवावयाची, अशी योजना. तिचे दोन मुलगे ओहायोत पुरलेले होते. आपल्याकडील कोणतीही बाई असली गोधडी पांघरणे दूरच, घरात ठेवूनही घेणार नाही.

आणि मग 1987 सालची गोष्ट. सॅन फ्रान्सिस्को शहरात एड्सने माणसे मरत होती. पुष्कळांच्या घरच्यांनी रोगाचे नाव लपविले, आणि कित्येक ठिकाणी अंत्यविधी करणाऱ्यांनी प्रेत हाती घेण्याचे नाकारले. 1985 च्या नोव्हेंबरात क्लीव्ह जोन्स या कार्यकर्त्याने एका मेणबत्ती-मिरवणुकीत लोकांना आपापल्या मृत मित्रांची नावे फलकांवर लिहावयास सांगितली. ते फलक सरकारी इमारतीच्या भिंतीवर चिकटविले गेले, आणि ती भिंत त्याला गोधडीसारखी दिसली. त्यातून प्रत्येक मृतामागे तीन फूट रुंद व सहा फूट लांब असा एक तुकडा करण्याची कल्पना निघाली. माप मुद्दाम थडग्याएवढे घेतले होते. आपल्या चौघडीच्या मापाशी त्याची असलेली जवळीक मला प्रथम लक्षात आली तेव्हा थोडा वेळ पुढचे वाचवेना. 11 ऑक्टोबर 1987 रोजी वॉशिंग्टनच्या मोठ्या मैदानावर असे 1,920 तुकडे अंथरले गेले आणि नावे मोठ्याने वाचण्यात आली. आज त्या गोधडीचे वजन सुमारे 54 टन आहे. तुकड्यांवर सदरे आहेत, पत्रे आहेत, खेळण्यांतली अस्वले आहेत, आणि बहुतेकांवर नाव आहे. कारण सारा खटाटोप नावासाठीच होता.

येथे मात्र आपल्या गोधडीचे एक उणे मला मान्य केले पाहिजे. तिच्यावर नाव नसते. पणजीचे लुगडे ज्या गोधडीत आहे ती पांघरून पणतू झोपतो आणि त्याला ते ठाऊक नसते. सांगणारी बाई गेली की ते कापड केवळ कापड होते. तीन पिढ्यांत वंशावळीतून बायकांची नावे आपण अशीच गाळीत आलो. तथापि संग्रहालयाच्या काचेमागे न धुता, न पांघरता ठेवलेल्या गोधडीपेक्षा, दरवर्षी नवरात्राआधी दसरा काढताना नदीवर आपटली जाणारी आणि थोडी थोडी विरत जाणारी गोधडी मला अधिक खरी वाटते. कापडाचे आयुष्य संपू द्यावे. नाव तेवढे राखावे. म्हणून ज्यांच्या घरी अशी ट्रंक असेल त्यांना एवढेच सुचवितो की शिवणे संपल्यावर खालच्या पदराच्या एका कोपऱ्यात, ज्यांची वस्त्रे आहेत त्यांचे नाव आणि साल धावदोऱ्यानेच घालावे. त्याला एक दुपार पुरते.

आमच्या आजीच्या गोधडीवर हे काम गेल्या वर्षी माझ्या पुतणीने केले. वरचे पिवळे लुगडे आता दोन ठिकाणी फाटले आहे, आणि आतून चंद्रकळा दिसू लागली आहे.