दुकानाची पाटी कोणाच्या नावावर आहे?

गाळा घेताना आपण किती चौकशी करतो! करारनामा कोणाच्या नावाने होणार, लाइट बिल कोणाच्या नावावर येणार, भाडेपावती दरमहा हातात पडणार की नाही, अशा एकेका मुद्द्यावर दोन-दोन बैठका होतात. दलालाला सोबत नेतो, घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारतो. पण त्याच पेढीची वेबसाइट काढायची वेळ आली की ओळखीच्या एखाद्या मुलाला बोलावतो आणि "बघ बाबा, तूच काय ते कर," असे सांगून मोकळे होतो. नाव कोणाच्या खात्यावर नोंदले, मुदत कधी संपते, पैसे कोणाला दिले, याची नोंद आपल्या वहीत नसते. आम्ही स्वतः हेच केले आणि त्याचा दंडही भरला. तो तजुर्बा आणि त्यानंतर शिकलेल्या गोष्टी व्यापारी व कारागीर बांधवांच्या उपयोगी पडाव्यात, म्हणून हा लेख.

आमचा तजुर्बा

मालेगावात आमचा लुंगी आणि साडीच्या कापडाचा व्यवसाय आहे. २०१३ साली आम्ही पेढीची वेबसाइट करून घेतली. 'डॉट कॉम'चे छानसे नाव मिळाले. ते बिलबुकावर छापले, व्हिजिटिंग कार्डावर छापले, मालाच्या लेबलावरही घातले. ई-मेलचा पत्ताही त्याच नावाचा केला. परगावचे व्यापारी त्या पत्त्यावर भाव विचारू लागले, ऑर्डरी पाठवू लागले.

ज्या मुलाने हे काम केले तो हुशार होता, प्रामाणिकही होता. पुढे तो नोकरीसाठी परदेशी गेला. त्याचा फोन नंबर बदलला आणि जुना ई-मेल त्याने पाहणे सोडले. २०१९ साली आमच्या पेढीला येणारी पत्रे थांबली. आम्हाला वाटले, बाजार मंदा आहे. दीड-दोन महिन्यांनी हैदराबादच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला, "सेठ, तीन पत्रे पाठवली, एकाचाही जवाब नाही. शेवटी माल दुसरीकडून उचलला." तेव्हा कोठे आमचे डोळे उघडले. चौकशी केली तेव्हा कळले की नावाची मुदत संपली आहे. मुदत वाढवण्याच्या सूचना त्या मुलाच्या बंद पडलेल्या ई-मेलवर जात होत्या. आम्ही हातपाय हलवेपर्यंत ते नाव एका तिऱ्हाइताने घेतले होते आणि परत देण्यासाठी तो जी रक्कम मागत होता ती आमच्या आवाक्याबाहेर होती. छापलेली बिलबुके रद्दीत गेली. सहा वर्षांत कमावलेला पत्ता गेला.

दोष त्या मुलाचा नाही. पाटी आमची होती; तिची कागदपत्रे आम्ही कधी पाहिलीच नव्हती.

तीन गोष्टी वेगळ्या ओळखा

वेबसाइट म्हणजे एकच वस्तू आहे असे आपण समजतो. प्रत्यक्षात त्यात तीन वेगळे व्यवहार असतात.

पहिला व्यवहार नावाचा. यालाच डोमेन नाव म्हणतात. हे नाव कायमचे विकत मिळत नाही. ते ठरावीक मुदतीसाठी नोंदवावे लागते. 'डॉट कॉम' नाव कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी नोंदता येते. अशा नावांची जगभराची व्यवस्था १९९८ साली स्थापन झालेली 'आयकॅन' ही संस्था पाहते आणि तिने मान्यता दिलेले रजिस्ट्रार आपल्याला नाव देतात. आपल्या देशाच्या 'डॉट इन' नावांचा कारभार 'नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया', म्हणजे 'निक्सी', या संस्थेकडे आहे. २००५ सालापासून ही नावे सर्वसामान्यांना सहज मिळू लागली.

दुसरा व्यवहार जागेचा, म्हणजे होस्टिंगचा. आपल्या मालाचे फोटो, भाव, पत्ता ही सगळी माहिती ज्या संगणकावर राहते, त्याचे हे भाडे.

तिसरा व्यवहार सजावटीचा. वेबसाइट तयार करणाऱ्या कारागिराची ही मजुरी. गाळ्याची रंगरंगोटी करणाऱ्याच्या नावावर आपण गाळा करून देत नाही. मग वेबसाइट बनवणाऱ्याच्या नावावर पेढीचे नाव का ठेवावे?

मुदत संपली की काय होते?

'डॉट कॉम'सारख्या नावांसाठी आयकॅनचा नियम असा आहे की, मुदत संपण्याच्या सुमारे एक महिना आधी आणि सुमारे एक आठवडा आधी रजिस्ट्रारने सूचना द्यावी. मुदत संपल्यावर पाच दिवसांच्या आत आणखी एक सूचना द्यावी. म्हणजे सूचना येतातच. पण त्या खात्यात लिहिलेल्या ई-मेलवर येतात. तो ई-मेल आपला नसेल तर त्यांचा उपयोग काय?

मुदत संपल्यानंतरही थोडी सवलत असते. रजिस्ट्रारच्या अटींप्रमाणे काही दिवस नेहमीच्या फीमध्ये नाव चालू करता येते. त्यानंतर साधारण ३० दिवसांची आणखी एक संधी असते, पण त्या काळात फी बरीच जास्त पडते. मग पाच दिवस नाव अडकून राहते आणि शेवटी सर्वांना खुले होते. काही रजिस्ट्रार तर त्याआधीच नाव लिलावात काढतात. तेव्हा या सवलतीवर विसंबू नये.

अशी चूक लहान माणसांकडूनच होते असे नाही. डिसेंबर १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीने 'पासपोर्ट डॉट कॉम' या आपल्या नावाची मुदत वाढवली नाही, आणि हॉटमेल वापरणाऱ्या लोकांची अडचण झाली. शेवटी अमेरिकेतल्या एका प्रोग्रॅमरने स्वतःच्या क्रेडिट कार्डावरून ३५ डॉलर भरून काम सुरू करून दिले. कंपनी मोठी होती म्हणून निभावले. आपल्यासारख्यांच्या मदतीला कोण धावणार?

फुकटच्या जागेचा भरवसा

काही बांधव म्हणतील, "एवढी उठाठेव कशाला? फुकट वेबसाइट मिळते की." मिळते, पण फुकटच्या जागेवर हक्क नसतो. जिओसिटीज ही एकेकाळी फुकट जागा देणारी मोठी नावाजलेली सेवा होती. याहू कंपनीने १९९९ साली ती घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केली. लोकांनी वर्षानुवर्षे मांडलेली पाने निघून गेली.

त्याहून जवळचे उदाहरण पाहा. गूगलने दुकानदारांना 'बिझनेस डॉट साइट' या शेवटाची फुकट पाने दिली होती. ती पाने मार्च २०२४ मध्ये बंद झाली. काही महिने गिऱ्हाइकाला नकाशावरच्या नोंदीकडे वळवण्यात आले. जूननंतर तेही थांबले. ज्यांनी तो पत्ता पाटीवर रंगवला होता त्यांना पाटी पुन्हा रंगवावी लागली. फुकट सोयी जरूर वापराव्यात, पण पाटीवर आणि बिलावर नाव मात्र स्वतःच्या मालकीचेच छापावे. जागा बदलली तरी नाव तेच राहते.

नाव निवडताना

आमच्यासारखे जे उर्दू शाळेत शिकले त्यांनी एक काळजी घ्यावी. आपली नावे इंग्रजीत लिहिताना स्पेलिंग एकसारखे राहत नाही. 'शेख'चे तीन-चार स्पेलिंग बाजारात चालतात, 'मोमिन'चेही तसेच. फोनवर नाव सांगितल्यावर गिऱ्हाइकाने ते न चुकता लिहिले पाहिजे. म्हणून नाव पक्के करण्याआधी पाच माणसांना फोनवर सांगून लिहायला लावावे. दोन स्पेलिंग होत असतील आणि परवडत असेल, तर दोन्ही नावे नोंदवावीत.

२०१४ सालापासून देवनागरीत 'डॉट भारत' असा शेवट असलेली नावेही मिळतात. उर्दू लिपीतही तशी सोय आहे. ज्यांचे गिऱ्हाईक मराठी, हिंदी किंवा उर्दू वाचणारे आहे, त्यांनी असे नाव जोडीला घ्यायला हरकत नाही. मुख्य नाव मात्र इंग्रजी अक्षरांतलेच ठेवावे. परगावच्या व्यापाऱ्याला ते टाइप करणे सोपे जाते.

दुसऱ्याच्या नावाशी मिळतेजुळते नाव घेऊ नये. १९९९ साली 'रेडिफ'शी एका अक्षराचा फरक असलेल्या 'रॅडिफ' या नावाचा वाद मुंबई उच्च न्यायालयात आला होता. न्यायालयाने रेडिफच्या बाजूने आदेश दिला आणि डोमेन नावाला ट्रेडमार्कसारखेच संरक्षण आहे असे मानले. २००४ साली सर्वोच्च न्यायालयानेही सत्यम इन्फोवेच्या खटल्यात हीच दिशा दाखवली. नाव घेण्याआधी केंद्र सरकारच्या ट्रेडमार्क कार्यालयाच्या वेबसाइटवर शोध घ्यावा. हा शोध विनामूल्य आहे. कापडासाठी वर्ग २४ आणि तयार कपड्यांसाठी वर्ग २५ पाहावा.

घरबसल्या तपासण्याची साधने

खालील साधनांना पैसे लागत नाहीत. घरातला नववी-दहावीचा मुलगाही ती वापरू शकेल.

'लुकअप डॉट आयकॅन डॉट ऑर्ग' या पत्त्यावर आपले 'डॉट कॉम' नाव टाकावे. ते कोणत्या रजिस्ट्रारकडे आहे, कधी नोंदले आणि मुदत कधी संपते, हे समोर येते. 'डॉट इन' नावासाठी 'रजिस्ट्री डॉट इन' येथे शोध घ्यावा. पूर्वी या माहितीत मालकाचे नावही दिसे. २०१८ सालापासून युरोपातील गोपनीयतेच्या कायद्यामुळे ते बहुधा झाकलेले असते. त्यामुळे नाव दिसले नाही म्हणून घाबरू नये. पण नाव आपलेच आहे असेही गृहीत धरू नये. रजिस्ट्रारच्या खात्यात स्वतः शिरून मालकाच्या रकान्यात काय लिहिले आहे ते पाहावे. खरा सातबारा तोच.

'वेब डॉट आर्काइव्ह डॉट ऑर्ग' येथे जुन्या वेबसाइटची पाने जपून ठेवलेली असतात. एखादे नाव आधी कोणी वापरले होते का आणि कशासाठी, हे तेथे पाहावे. आपली बंद पडलेली पानेही तेथे सापडण्याची शक्यता असते. आमच्या जुन्या मालाचे काही फोटो आम्हाला तेथेच मिळाले.

'एमएक्सटूलबॉक्स' या साधनात नाव टाकले की त्या नावाची पत्रे कोणत्या सर्व्हरवर जातात ते कळते. पत्रे येणे थांबले तर बाजाराला दोष देण्याआधी हे पाहावे.

होस्टिंग घेताना पाच प्रश्न

एक, पहिल्या वर्षाचा भाव काय आणि दुसऱ्या वर्षाचा काय? जाहिरातीतला स्वस्त भाव बहुधा पहिल्या खेपेपुरता असतो. दोन, सगळ्या माहितीची नक्कल, म्हणजे बॅकअप, किती दिवसांनी घेतली जाते आणि आपल्याला ती उतरवून घेता येते का? तीन, नावाप्रमाणे ई-मेलची सोय त्याच भाड्यात आहे की वेगळी? चार, सुरक्षेचे प्रमाणपत्र फुकट मिळते का? ते नसेल तर ब्राउझर गिऱ्हाइकाला 'असुरक्षित' असा इशारा देतो. 'लेट्स एन्क्रिप्ट' ही ना-नफा सेवा हे प्रमाणपत्र मोफत देते आणि अनेक होस्टिंगवाले ते आपोआप बसवून देतात. यासाठी कोणी मोठी रक्कम मागत असेल तर कारण विचारावे. पाच, जागा सोडायची झाल्यास सामान बाहेर कसे काढायचे?

होस्टिंग आणि नाव एकाच ठिकाणी घेतले तरी चालते. पण होस्टिंगवाल्याशी वाद झाला तर नाव हलवता आले पाहिजे. त्यासाठी एक गुप्त संकेतांक लागतो. 'डॉट कॉम' नावाच्या मालकाने मागितल्यावर रजिस्ट्रारने तो पाच दिवसांच्या आत द्यावा, असा आयकॅनचा नियम आहे. हा हक्क मालकाचा आहे, वेबसाइट बनवणाऱ्याचा नाही.

आता एवढे करा

आम्ही पुढे 'डॉट इन'चे नवे नाव घेतले. खाते पेढीच्या नावाने उघडले. ई-मेल असा दिला जो त्या डोमेनवर अवलंबून नाही आणि जो आम्ही रोज पाहतो. फोन नंबर दुकानाचा दिला. पाच वर्षांची फी एकदम भरली आणि आपोआप मुदत वाढण्याची सोयही चालू ठेवली. शिवाय कार्डाची मुदत संपली तर ती सोय चालत नाही, म्हणून तारीख वहीत लिहून ठेवली. त्याच वहीत रजिस्ट्रार आणि होस्टिंगवाल्याचे नाव व पावत्या आहेत. पासवर्ड बंद लिफाफ्यात घालून तिजोरीत ठेवला आहे आणि मोठ्या मुलाला तो कोठे आहे हे ठाऊक आहे. पेढी एका माणसाच्या आठवणीवर चालवू नये.

बांधवांनो, येत्या जुम्म्याच्या सुट्टीत अर्धा तास काढा. आपले नाव कोणाच्या खात्यात आहे आणि त्याची मुदत कधी संपते, एवढे दोनच प्रश्न स्वतःला विचारा. दुसऱ्याचे उत्तर वर सांगितलेल्या साधनांत एका मिनिटात मिळेल. पहिल्याचे उत्तर मिळत नसेल, तर ज्याने वेबसाइट करून दिली त्याला आजच फोन लावा. त्याचा नंबर अजून लागतो आहे तोवरच हे काम सोपे आहे.