घरच्या मिलिंग मशीनला व्हाइस कोणता घ्यावा?

पन्हाळ्यापासून कोल्हापूरचे शिवाजी उद्यमनगर सुमारे २० किलोमीटरवर आहे. उसाचे चरक आणि विहिरीवरची ऑइल इंजिने यांच्या कामावर कोल्हापूरची कारागिरी वाढली. आज शिरोली व गोकुळ शिरगाव येथील औद्योगिक वसाहतींत मोटारी, ट्रॅक्टर आणि पंपांची कास्टिंग होतात. या कारखानदारीच्या आसऱ्याने एक लहान धंदाही चालतो. दहा-वीस नगांचे काम, एखादे फिक्श्चर, तुटलेल्या भागाच्या जागी नवा भाग, अशा कामांत मोठ्या कारखान्याला रस नसतो. ज्याने घराच्या पडवीत छोटे मिलिंग मशीन बसवले आहे, त्याला अशा कामावर चार पैसे मिळवता येतात.

मात्र मशीन घेताना जो माणूस सहा महिने चौकशी करतो, तोच व्हाइस घेताना पाच मिनिटेही खर्च करीत नाही. पुस्तकी मराठीत ज्याला शेगडा म्हणतात, तो हा व्हाइस. मशीन कितीही चांगले असले तरी कटरसमोर जॉब धरून ठेवण्याचे काम तोच करतो. तो हलला तर माप हलले, आणि माप हलले तर माल परत आला. म्हणून व्हाइसच्या निवडीविषयी आमच्या कारागीर बांधवांसमोर काही गोष्टी मांडाव्यात असे आम्हांस वाटते.

ड्रिलचा व्हाइस मिलिंगला चालत नाही

दुकानात सर्वांत स्वस्त मिळतो तो ड्रिल मशीनचा व्हाइस. ड्रिलिंगमध्ये जोर मुख्यत्वे वरून खाली येतो, त्यामुळे हलक्या अंगाचा व्हाइसही निभावून नेतो. मिलिंगमध्ये कटर बाजूने ढकलतो, दात दर फेरीला ठोके देतो आणि कित्येकदा जॉब वर उचलू पाहतो. अशा वेळी ड्रिल व्हाइसचा सैल जबडा थरथरतो. कटरची धार जाते, पृष्ठभागावर लाटा उमटतात आणि जॉब निसटला तर हाताला इजा होते. पैसे वाचवण्याची ही जागा नव्हे.

खरा दोष: जबडा उचलणे

साध्या मशीन व्हाइसमध्ये स्क्रू खाली आणि जॉब वर असतो. आवळताना सरकता जबडा किंचित मागे कलतो आणि आपल्याबरोबर जॉबची ती बाजू वर उचलतो. समजा, ५० मिलिमीटर रुंदीच्या ठोकळ्याची एक बाजू ०.०५ मिलिमीटर उचलली गेली. वरचा पृष्ठभाग मिल करून जॉब काढला, तर तो खालच्या पृष्ठभागाशी तेवढाच तिरका निघेल. ड्रॉइंगवर ०.०२ मिलिमीटरची सूट असेल तर नग तिथेच बाद. पुढचा पृष्ठभाग याच तिरक्या पृष्ठभागाच्या आधाराने कापला, की चूक वाढत जाते.

यावर उपाय म्हणून अमेरिकेतील कर्ट कंपनीची 'अँगलॉक' रचना जगभर प्रसिद्ध झाली. तिच्यात आवळण्याचा जोर तिरक्या पृष्ठभागावरून जातो, त्यामुळे जबडा पुढे सरकतो आणि त्याच वेळी खालीही दाबला जातो. त्याच तत्त्वाचे व्हाइस आता अनेक उत्पादक बनवतात. साध्या व्हाइसपेक्षा किंमत जास्त पडते, पण रोज चौकोनी काम करणाऱ्याने तोच घ्यावा. बारीक आणि अचूक कामासाठी ग्राइंड केलेला टूलमेकर व्हाइसही चांगला. त्याचा बोल्ट तिरका खेचत असल्याने जबडा खाली बसतो. मात्र निरनिराळ्या मापांचे जॉब बदलताना त्याला वेळ लागतो.

मोठा म्हणजे चांगला नव्हे

आपल्याकडे मोठा व्हाइस घेण्याची हौस असते. ६ इंची जड व्हाइसचे वजन ३० किलोच्या घरात जाते. लहान मशीनच्या टेबलावर तो पुढेमागे लोंबतो, टेबलाच्या सरकपट्ट्यांवर भार पडतो आणि टेबल सरकण्याची लांबी वाया जाते. व्हाइसचे बूड टेबलावर पूर्ण टेकले पाहिजे, हा पहिला नियम. अगदी छोट्या मशीनला ३ इंची आणि मध्यम मशीनला ४ इंची व्हाइस सहसा पुरतो. ६ इंचीचा विचार टेबल ऐसपैस असेल तरच करावा.

उंचीचा हिशेबही कागदावर करावा. समजा, टेबलापासून स्पिंडलच्या तोंडापर्यंत जास्तीत जास्त ३०० मिलिमीटर जागा आहे. व्हाइसच्या तळापासून जॉब टेकतो तिथपर्यंत ७०, जॉब ५०, ड्रिल चक व ड्रिल मिळून १५०, म्हणजे २७० झाले. उरले ३०. त्यात व्हाइसखाली ३० मिलिमीटरचे फिरते बूड घेतले तर ड्रिल जॉबवर टेकूनच बसेल. फिरते बूड कोनातल्या कामाला उपयोगी पडते, पण त्याने उंची खाल्ली जाते आणि पकडीचा ताठपणाही कमी होतो. कोनातले काम वर्षातून दोनदाच येत असेल तर बिनबुडाचा सरळ व्हाइस घ्यावा, किंवा बूड निघणारा घ्यावा.

पैसे देण्यापूर्वी

बाजारात मडके घेतानाही माणूस वाजवून घेतो. व्हाइस तर वर्षानुवर्षे वापरायचा. दुकानात दोन सारख्या जाडीच्या पॅरलल पट्ट्या आणि एक चौकोनी ठोकळा घेऊन जावे. पट्ट्यांवर ठोकळा ठेवून व्हाइस आवळावा आणि पट्ट्या बोटाने हलवून पाहाव्यात. सरकत्या जबड्याकडची पट्टी सैल झाली, तर जबडा उचलतो हे ओळखावे. डायल गेज मिळाल्यास उत्तम, किती उचलला ते आकड्यातच कळेल.

जबड्याच्या पट्ट्या कडक केलेल्या आणि बोल्टने बदलता येणाऱ्या असाव्यात. म्हणजे नाजूक जॉबसाठी ॲल्युमिनियमचे जबडे घरीच करून लावता येतात. अंग साध्या बिडाचे की एसजी आयर्नचे, हेही विचारावे. साधे बीड थरथर चांगली शोषते, पण ताणाखाली ठिसूळ असते. जोराने आवळण्याच्या कामाला एसजी आयर्न अधिक भरवशाचे.

जुना व्हाइस घ्यायचा असेल तर आधी पुसून स्वच्छ करावा. तळावर ड्रिलने पाडलेले खड्डे, जबड्याच्या बाजूला तडे, स्क्रूचे झिजलेले आटे पाहावेत. हँडलवर पाइप चढवून आवळलेला व्हाइस बहुधा वाकलेल्या हँडलवरून ओळखू येतो. नाव मोठे, पण अंग मोडलेले, असा व्हाइस स्वस्तातही महागच पडतो.

बसवल्यावर

व्हाइस टी-बोल्टने बांधताना डायल गेज स्पिंडलला लावून, टेबल सरकवत स्थिर जबडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तपासावा. काटा हलेनासा होईपर्यंत हळूहळू ठोकून सरळ करावा आणि मगच बोल्ट पूर्ण आवळावेत. जॉब बसवताना मऊ हातोडीने ठोकावे, हँडलवर मात्र हातोडी कधीही मारू नये.

पन्हाळ्यासारख्या ठिकाणी आणखी एक काळजी लागते. पावसाळ्यात गडावर दिवस-दिवस धुके हटत नाही आणि उघड्या लोखंडावर एका रात्रीत तांबूस थर येतो. काम संपताच चुरा ब्रशने झाडावा. हवेच्या झोताने उडवल्यास तो सरकपट्टीत घुसतो. मग तेलाचा पातळ हात फिरवून कापड झाकावे. मोठी सुट्टी असेल तर व्हाइस काढून त्याखालचे टेबलही पुसून तेल लावावे, कारण गंज तिथेच आधी धरतो.

मशीन घेण्यासाठी ठेवलेल्या रकमेतून व्हाइसचा वाटा सुरुवातीलाच बाजूला काढावा, अशी आमची सूचना आहे. मशीन थोडे लहान घेतले तरी चालेल, व्हाइस मात्र कामचलाऊ नको. ज्याचा नग दहा वेळा मोजला तरी एकच माप दाखवतो, त्याच्याकडे गिऱ्हाईक पुन्हा येते. पडवीतल्या वर्कशॉपला पाटी नसते. त्याच्या मालाचे मापच त्याची पाटी असते.