पाणी किती काढायचे, किती वेगाने?

निरोगी मूत्रपिंडे दिवसरात्र थोडे थोडे पाणी शरीराबाहेर टाकत असतात. हिमोडायलिसिसवर, म्हणजे यंत्रातून रक्त शुद्ध करून घेण्यावर, असलेल्या रुग्णाच्या बाबतीत हेच काम आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा, दर वेळी साधारण चार तासांत उरकावे लागते. तीन सत्रे धरली तरी आठवड्याच्या १६८ तासांपैकी १२ तासच हाती येतात. यंत्रावरून उतरल्यावर येणारी मळमळ, भोवळ, पायांत येणारे गोळे आणि दिवसभर पुरणारा गळाठा यांचे मूळ बहुतेक वेळा या घाईत असते.

साठ किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात सुमारे ३६ लिटर पाणी असते. त्याचे दोन तृतीयांश पेशींच्या आत, आणि उरलेल्यापैकी बरेचसे पेशींच्या भोवती, ऊतींमध्ये. रक्तातला द्रव भाग, म्हणजे प्लाझ्मा, जेमतेम तीन लिटर भरतो आणि यंत्राची पोच तेवढ्यापुरतीच असते. तरीही एका सत्रात अडीच-तीन लिटर पाणी काढता येते, कारण रक्तातले पाणी कमी होऊ लागले की त्यातली प्रथिने दाट होतात आणि ऊतींतले पाणी रक्तवाहिन्यांत ओढून घेतात. विहीर उपसताना झरे आत पाणी सोडत राहतात, तसा हा प्रकार आहे. उपसा झऱ्यांच्या आवकेपेक्षा जास्त झाला की विहिरीचा तळ दिसतो. इथे रक्ताचे आकारमान घटते. ते घटले की हृदयाचे ठोके वाढतात, हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात. मधुमेहाने नसा दुबळ्या झालेल्या रुग्णांत हा बचाव अपुरा पडतो आणि रक्तदाब कोसळतो. ‘बीपी पडले’ असे ज्याला म्हणतात, त्याची चाहूल अनेकदा जांभयांनी लागते. मग घाम, मळमळ, उलटी, डोळ्यांपुढे अंधारी. हे वारंवार घडले तर हृदयाच्या स्नायूचा काही भाग तेवढ्यापुरता आकुंचन पावेनासा होतो. असे आघात साठत गेले की हृदय कायमचे अशक्त होते.

म्हणून ‘किती पाणी’ याच्याइतकाच ‘किती वेगाने’ हा प्रश्न महत्त्वाचा आहे. वेग मोजायची पद्धत सोपी आहे: दर किलो वजनामागे दर तासाला किती मिलिलिटर. हा आकडा १३ च्या वर गेलेल्या रुग्णांत हृदयविकाराचे आणि मृत्यूचे प्रमाण जास्त आढळते. काही तज्ज्ञ १० च्या आतच राहायला सांगतात. पंचावन्न किलोच्या रुग्णाच्या अंगातून तीन लिटर पाणी चार तासांत काढले तर वेग १३.६ होतो. तेच पाच तासांत काढले तर १०.९. ‘आज जरा लवकर सोडा’ म्हणून तीन तासांत उरकले तर थेट १८.२. घरी लवकर पोचण्यासाठी वाचवलेला तास पुढे अंथरुणात जातो, हा हिशोब रुग्णाला कोणी मांडून दाखवत नाही.

पाणी काढण्याचे हे तंत्र पहिल्या डायलिसिस यंत्राच्या नंतरचे आहे. नेदरलँड्समध्ये विलेम कोल्फ यांनी १९४३ मध्ये वापरलेले फिरत्या पिंपाचे यंत्र रक्तातली घाण काढू शकत असे, पाण्यावर मात्र त्याचा नीट ताबा नव्हता. स्वीडनमधल्या लुंड येथे निल्स आलवॉल यांनी दाबाचा फरक वापरून नेमके पाणी ओढणारे यंत्र बांधले. १९६० मध्ये सिएटलला बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी क्लाइड शील्ड्स या रुग्णावर दीर्घकाळ चालणारे डायलिसिस सुरू केले, तेव्हा त्याचा बेफाम रक्तदाब आवरला तो आहारातले मीठ कमी करून आणि अंगातले पाणी काढून. फ्रान्समधल्या टासँ येथील केंद्राने पुढे आठ-आठ तासांचे संथ डायलिसिस चालू ठेवले. तिथल्या बहुतेक रुग्णांना रक्तदाबाची गोळीच लागत नसे.

पाणी कुठवर काढायचे, ही मर्यादा म्हणजे ‘ड्राय वेट’. अंगावर सूज नाही, धाप नाही आणि रक्तदाबही पडत नाही, असे सर्वांत कमी वजन. ते ठरवण्यात अंदाजाचा भाग बराच असतो आणि ते एकदा ठरले की कायमचे राहत नाही. आजारपणात जेवण तुटले की मांस झडते, पण काटा तोच दाखवतो, कारण झडलेल्या मांसाची जागा पाण्याने घेतलेली असते. भूक सुधारून खरेच अंग भरले, तर जुन्या आकड्यापर्यंत ओढत राहिल्याने रुग्ण दर वेळी पिळून निघतो. म्हणून सत्रानंतर सतत गोळे येत असतील, तर नव्या गोळीआधी ड्राय वेट तपासायला हवे.

दोन सत्रांमध्ये वाढणाऱ्या वजनाचा दोष सहसा पाण्याच्या तांब्याला दिला जातो. खरा गुन्हेगार मीठ आहे. शरीरातल्या पेशींबाहेरच्या एक लिटर द्रवात सुमारे आठ ग्रॅम मीठ असते. आठ ग्रॅम मीठ पोटात गेले की रक्तातला सोडियम वाढतो, तहान भडकते आणि एक लिटर पाणी अंगात साठेपर्यंत ती शमत नाही. लोणचे, पापड, फरसाण, वडापावची चटणी, सुकट खाऊन ‘पाणी कमी प्या’ हा सल्ला पाळणे माणसाच्या हातात राहत नाही. आमटी, ताक, सोलकढी, चहा हेही पाण्याच्याच हिशोबात येतात. मधुमेहींत वाढलेली साखरही अशीच तहान लावते. वजन दिवसाला साधारण एक किलोच्या आत वाढावे, असा ढोबळ नियम आहे. खर्च आणि प्रवास यांमुळे आपल्याकडे अनेक जण आठवड्यातून दोनदाच डायलिसिस घेतात. त्यांना मध्ये तीन-चार दिवसांचा खंड पडतो, आणि मिठाचा नियम सर्वांत कडक त्यांनाच पाळावा लागतो.

रक्तदाब पडलाच, तर पाय वर करतात, पाणी ओढणे थांबवतात आणि १००-२०० मिलिलिटर सलाईन देतात. २०० मिलिलिटर सलाईनमध्ये १.८ ग्रॅम मीठ असते, त्यामुळे हा उपाय पुढच्या सत्राची तहानही सोबत देऊन जातो. रक्तदाब पडण्याची काही कारणे टाळता येतात: चालू सत्रात भरपेट खाल्ले की रक्त आतड्यांकडे वळते. रक्तदाबाची गोळी सकाळीच घेतली की तिचा असर नेमका यंत्रावर असताना होतो. गोळीची वेळ बदलायची ती डॉक्टरांना विचारूनच. डायलिसिसचे द्रावण किंचित थंड ठेवल्याने रक्तदाब सावरतो असे मानले जाते, पण कॅनडातल्या मोठ्या चाचणीत त्याने हृदयविकार किंवा मृत्यू कमी झाल्याचे दिसले नाही, आणि रुग्णांना थंडी वाजली ती वेगळीच.

प्रत्येक मळमळ पाण्याची नसते. अगदी पहिल्या काही सत्रांत रक्तातला युरिया झपाट्याने उतरतो, मेंदूतला तितक्या वेगाने उतरत नाही, आणि पाणी मेंदूकडे सरकते. डोके दुखते, उलट्या होतात, क्वचित झटके येतात. म्हणून सुरुवातीची सत्रे मुद्दाम छोटी आणि संथ ठेवतात. डायलिसिसनंतर पूर्ववत व्हायला किती वेळ लागतो, हे प्रत्येक भेटीत विचारून लिहून ठेवणे उपयोगाचे असते. दोन तासांत सावरणारा रुग्ण दुसऱ्या दिवसापर्यंत पडून राहू लागला, तर वेग, वेळ किंवा ड्राय वेट यांपैकी काहीतरी बदलायची वेळ आलेली असते. छातीत दुखणे, धाप, शुद्ध हरपणे, थंडी वाजून ताप येणे ही मात्र थांबून पाहायची लक्षणे नव्हेत. त्यासाठी लगेच रुग्णालय गाठावे लागते.

ज्यांना अजून थोडी लघवी होते, त्यांच्यात लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू ठेवल्या तर यंत्राचा भार हलका होतो. सत्राचा वेळ वाढवणे, आठवड्यात एक सत्र वाढवणे आणि रोज घरीच पोटातून केले जाणारे पेरिटोनियल डायलिसिस हे बाकीचे मार्ग. पेरिटोनियलमध्ये पाणी चोवीस तासांत विभागून निघते, त्यामुळे रक्तदाब असा एकाएकी कोसळत नाही. मात्र पोटातल्या संसर्गाची जोखीम त्यात असते आणि स्वच्छता काटेकोर ठेवावी लागते.