जुन्या बाजारातला सौदा : जुने ते सोने, पण पारखून

दुपारची जेवणे आटोपून घर जरा निवांत झाले, की चाळीच्या जिन्यात किंवा सोसायटीच्या आवारात बोहारणीची हाक येत असे. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी आणि काखेत जुन्या कपड्यांचे गाठोडे. चार पँटी, दोन साड्या, एखादा स्वेटर तिच्यापुढे ठेवला की घासाघीस सुरू होई. "एवढ्यात डबा कसा परवडेल?" असे म्हणत ती पाटी उचलण्याचा आविर्भाव करी, मग कपाटातून आणखी एक जरीची साडी बाहेर येई आणि डबा घरात राही. जिंकलो आपणच, असे दोन्ही बाजूंना वाटे. मात्र त्या साडीची जर खरी असली, तर फायदा कोणाचा झाला हे वेगळे सांगायला नको. खरी जर म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली आणि सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार. साडी विरली, तरी त्यातली चांदी विरत नाही.

जुन्या बाजाराचा पहिला नियम या एका प्रसंगात सापडतो. येथे वस्तूवर किंमत छापलेली नसते. देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला त्या वस्तूविषयी किती ठाऊक आहे, यावरच तिचा भाव ठरतो. म्हणूनच या बाजारात एकालाच 'लॉटरी' लागते आणि शेजारी उभा असलेला दुसरा त्याच पैशांत भंगार घेऊन घरी येतो. यात नशिबाचा भाग थोडा आणि माहितीचा अधिक.

बोहारणीच्या गाठोड्यातले कपडे पुढे कोठे जातात, हेही पाहण्यासारखे आहे. घाऊक बाजारात त्यांची प्रतवारी होते. धडके कपडे धुऊन, रफू आणि इस्त्री करून पुन्हा विकले जातात. फाटक्या सुती कपड्यांच्या चिंध्या गॅरेजमध्ये आणि कारखान्यांत यंत्रे पुसण्यासाठी जातात, तर लोकरीचे कपडे फाडून-पिंजून हरियाणातील पानिपत येथे त्यांचा पुन्हा धागा कातला जातो आणि त्याची घोंगडी-ब्लँकेटे विणली जातात. मुंबईत हा व्यवसाय प्रामुख्याने गुजरातेतून आलेल्या देवीपूजक समाजातील स्त्रियांनी पिढ्यान्पिढ्या सांभाळला. ब्रिटनमध्ये हेच काम 'चॅरिटी शॉप' करतात. तेथे लोक वस्तू दान देतात, स्वयंसेवक त्या विकतात आणि उत्पन्न समाजकार्याला जाते. 'ऑक्सफॅम' या संस्थेने १९४०च्या दशकात ऑक्सफर्डमध्ये असे दुकान सुरू केले. आपल्याकडे मात्र दानापेक्षा देवाणघेवाणीचीच रीत रुजली आणि त्यावर हजारो कुटुंबांची चूल पेटली.

बाजार कोठे आणि कधी?

मुंबईचा चोरबाजार म्हणजे भेंडी बाजाराजवळची मटण स्ट्रीट आणि तिच्या आसपासच्या गल्ल्या. येथील गलबल्यामुळे याला मुळात 'शोर बाजार' म्हणत आणि इंग्रजांच्या उच्चारामुळे त्याचा 'चोर बाजार' झाला, अशी आख्यायिका सांगितली जाते. जुने फर्निचर, दिवे, घड्याळे, कॅमेरे आणि चित्रपटांची पोस्टर्स यांसाठी तो प्रसिद्ध आहे. शुक्रवारी नेहमीची दुकाने बंद असतात. त्या दिवशी पहाटेपासून रस्त्यावर पथारीवाल्यांचा 'जुम्मा बाजार' भरतो. पुण्याच्या मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तेथे पितळी भांड्यांपासून सुताराच्या हत्यारांपर्यंत सारे काही मिळते. गोव्यात हणजुणे येथील बुधवारच्या बाजाराची सुरुवात तर हिप्पींनी केली. खर्चाला पैसे हवेत म्हणून ते आपल्याजवळच्या वस्तू तेथे विकत. आज मात्र तेथे नव्या मालाचाच भरणा अधिक आहे, हे ध्यानात ठेवूनच जावे.

पुस्तकांचा शौक असणाऱ्यांना फोर्टमधील फाउंटनचे पदपथ परिचित आहेत. २००५ मध्ये महापालिकेने केलेल्या कारवाईनंतर तेथील विक्रेत्यांची जुनी रया राहिली नाही. दिल्लीत दर्यागंजच्या पदपथावरील रविवारचा पुस्तक बाजारही न्यायालयाच्या आदेशानंतर २०१९ मध्ये जवळच्या महिला हाट या आवारात हलवावा लागला. जुन्या बाजारांना पदपथावरची जागा कायमची नसते; त्यामुळे ऐकीव पत्त्यावर न जाता, बाजार हल्ली कोठे आणि कोणत्या वारी भरतो याची आधी चौकशी करणे शहाणपणाचे.

पारख कशी करावी?

वेळ सकाळची निवडावी. माल उलगडत असतो, निवड भरपूर असते आणि दिवसाचा उजेड असतो. जुनी वस्तू दिव्याच्या पिवळ्या प्रकाशात कधीही घेऊ नये. चिरा, डाग आणि डागडुजी त्यात लपून जाते. शिवाय भवानीचे गिऱ्हाईक विक्रेता सहसा परत पाठवत नाही.

लाकडी सामान घेताना दर्शनी भागापेक्षा पाठ आणि तळ पाहावा. समोर सागवान आणि मागे प्लायवूड हा प्रकार सर्रास आढळतो. लाकडाला बारीक छिद्रे असतील आणि खाली ताजा भुसा पडलेला असेल, तर कीड अजून जिवंत आहे असे समजावे. असे एक कपाट घरातल्या बाकीच्या फर्निचरलाही उपद्रव देऊ शकते. पितळेच्या वस्तूसाठी खिशात छोटे लोहचुंबक ठेवावे. पितळेला ते चिकटत नाही. चिकटले तर आत लोखंड आणि वर नुसता मुलामा आहे. पितळेचे भांडे स्वयंपाकासाठी हवे असेल, तर कल्हईचा खर्चही त्याच्या किमतीत धरावा.

भोंग्याचा ग्रामोफोन हे चोरबाजारातले मोठे आकर्षण आणि तितकाच मोठा सापळा. कोठल्या तरी जुन्या यंत्राचे सुटे भाग, नवी पेटी आणि चकचकीत नवा भोंगा जोडून 'शंभर वर्षांचा' ग्रामोफोन तयार होतो. चित्रपटांच्या पोस्टर्सचेही तसेच. मूळ पोस्टर घडी घालून ठेवले जाई, त्यामुळे घड्यांवर कागद झिजलेला असतो. कोऱ्या, गुळगुळीत कागदावरचे पोस्टर हे नवे पुनर्मुद्रण असण्याची शक्यता दाट. ते शोभेसाठी घ्यायला हरकत नाही, पण पुनर्मुद्रणाच्याच भावाने. पुस्तक घेताना पाने मोजून पाहावीत, कसर लागली आहे का ते तपासावे आणि फिकट, पुसट छपाई दिसली तर ती चोरटी आवृत्ती समजावी.

काही वस्तू मात्र कितीही स्वस्त मिळाल्या तरी जुन्या घेऊ नयेत. हेल्मेटला एकदा मार बसला की त्याची आतील रचना निकामी होते आणि ते बाहेरून दिसत नाही. गॅसचा रेग्युलेटर, झडप झिजलेला प्रेशर कुकर, वायर उघडी पडलेली इस्त्री यांचेही तेच. येथे वाचलेले शे-दोनशे रुपये जिवावर बेतू शकतात.

स्वस्ताईची दुसरी बाजू

भाव अविश्वसनीय वाटावा इतका कमी असेल, तर त्याचे कारण विचारलेच पाहिजे. चोरीची वस्तू, ती चोरीची आहे हे माहीत असताना किंवा तसे मानण्यास सबळ कारण असताना, अप्रामाणिकपणे घेणे हा गुन्हा आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम ४११ खाली येत असे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्यासाठी कलम ३१७ असून तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. जुन्या मोबाइलच्या बाबतीत ही काळजी विशेष घ्यावी. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश ही बटणे दाबली की फोनचा आयएमईआय क्रमांक पडद्यावर दिसतो. केंद्र सरकारच्या, २०२३ मध्ये सुरू झालेल्या 'संचार साथी' या सेवेवर तो क्रमांक काळ्या यादीत आहे का, हे घेण्यापूर्वीच पाहता येते. बिल आणि मूळ खोका नसेल, तर फोन हाती धरून पुन्हा खाली ठेवणेच बरे.

परदेशात स्थायिक झालेल्या मुला-नातवंडांसाठी जुनी मूर्ती किंवा पोथी घेणाऱ्यांनी १९७२चा पुरावशेष व कलानिधी कायदा ध्यानात ठेवावा. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू आणि मूल्यवान अशी पंचाहत्तर वर्षांहून जुनी हस्तलिखिते यांची गणना पुरावशेषांत होते आणि खाजगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाहीत. वयाबद्दल शंका असेल, तर वस्तू पुरावशेष नसल्याचा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून मिळवावा लागतो.

राहता राहिली घासाघीस. ती या बाजाराची भाषाच आहे; पहिल्या भावाला 'हो' म्हटले तर विक्रेत्यालाही रुखरुख लागते. वस्तूतले दोष शांतपणे दाखवावेत, आपल्या मनात एक कमाल आकडा ठरवावा आणि त्यापलीकडे जाऊ नये. परंतु उन्हात पथारी टाकून बसलेल्याशी शेवटच्या दहा रुपयांसाठी हुज्जत घालण्यात शहाणपण नाही आणि मोठेपणाही नाही. मोठ्या दुकानात छापील किमतीपुढे मुकाट्याने मान तुकवणारा ग्राहक येथे मात्र शूर होतो, हे शोभणारे नव्हे.

जुन्या वस्तूला दुसरे घर मिळते, तेव्हा घेणाऱ्याचे पैसे वाचतात, विकणाऱ्याचे पोट भरते आणि कचऱ्याच्या डेपोवरचा भार तेवढा हलका होतो. हे तिन्ही साधले, तरच तो सौदा खरा स्वस्तातला. आणि पुढच्या वेळी कपाट आवरताना जुन्या साड्यांचा गठ्ठा बाहेर काढलाच, तर तो देण्याआधी काठाची जर एकदा उजेडात नेऊन पाहावी, जमल्यास सराफालाही दाखवावी.