वैशाखांतलें ऊन आणि गव्हांतला सोंडा

गेल्या वैशाखांत आम्ही पुणतांब्यास आमच्या आत्याबाईंकडे गेलों होतों. चांगदेवांच्या समाधीचें दर्शन घेऊन, गोदावरीच्या ओसरत्या पाण्यांत पाय धुऊन घरीं परतलों, तों गच्चीवर वर्षाचा गहूं पसरलेला आणि त्यावरून सासू-सुनांत मृदु वाद चाललेला! आदल्या वर्षीं याच गव्हानें घात केला होता. चार दिवस ऊन दाखवून कोठी भरली. पण भाद्रपदांत गौरींच्या पुरणपोळ्यांसाठीं ती उघडली, तेव्हां हातीं भुसा आणि सोंडे एवढेंच आलें. “ऊन काय थोडें होतें?” हा आत्याबाईंचा प्रश्न रास्तच होता.

उत्तर सोंड्याच्या जीवनक्रमांत आहे. मादी सोंडेनें दाण्यास भोंक पाडते, त्यांत एक अंडें घालते व चिकट स्रावानें भोंक लिंपून टाकते. अळी आणि कोष या दोन्ही अवस्था दाण्याच्या पोटांतच पार पडतात. उन्हांत तुरुतुरु पळतांना दिसतात ते केवळ मोठे किडे. अळी आपल्या खोलींत स्वस्थ असते. थर जाड असला कीं वरचा दाणा तापतो, खालचा कोमटच राहतो.

या किड्याचें पंचांग उष्णमानावर चालतें. ३० अंश सेल्सिअसच्या सुमारास, हवा दमट असल्यास, अंड्याचा किडा होण्यास २५-२६ दिवस पुरतात. १८ अंशांवर त्यासच सुमारें तीन महिने लागतात. १५ अंशांखालीं वाढ जवळजवळ थांबते. एका मादीचीं अंडीं १५० धरलीं आणि त्यांतून निम्म्या माद्या निपजल्या, तर कागदावरच्या हिशेबानें तिचीं नातवंडेंच ११,२५० होतात! आषाढ ते भाद्रपद ही उबदार, ओलसर हवा म्हणजे सोंड्याचें माहेर. पुढें थंडींत त्याची गति मंदावते खरी, पण तोंवर कोठींत उरतें काय?

मग ऊन व्यर्थ काय? मुळींच नाहीं, मात्र तें दाण्याच्या आंत पोंचलें पाहिजे. चवळींतील भुंगेऱ्यावर अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९९१ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ५७ अंशांची उष्णता तासभर मिळतांच अंड्यापासून किड्यापर्यंत सर्व अवस्था मेल्या. युक्ति साधी आहे: खालीं काळें प्लॅस्टिक, वर पारदर्शक, कडा दगडांनीं दाबलेल्या, आणि मध्यें धान्याचा पातळ थर. सूनबाईंनीं हेंच सुचविलें होतें. परंतु सोवळ्याच्या गव्हास प्लॅस्टिक ही कल्पना आत्याबाईंस कशी रुचावी?

दुसरी चूक बोलतां बोलतां उघड झाली. आदल्या वर्षीं गहूं भर दुपारीं, तापलेला तसाच कोठींत ओतला होता. बंद कोठींतलें धान्य ऊब दिवसेंदिवस धरून ठेवतें. आंतली वाफ गार पत्र्यावर जमून दाणा ओलावतो. वांचलेल्या अळीस याहून सुखाचें बाळंतघर कोणतें?

अखेर अर्धा गहूं सूनबाईंच्या रीतीनें, अर्धा आत्याबाईंच्या रीतीनें, पण पातळ पसरून आणि वरचेवर हलवून, असा तह झाला. सायंकाळीं चाळून सर्व धान्य रात्रभर निवत ठेवलें. पहाटे आत्याबाईंनीं राशींत कोपरापर्यंत हात घातला, आंतून गार लागल्याची खात्री करून घेतली, आणि मगच कोठीचें झांकण काढावयास सांगितलें. दोन्ही वांटे मात्र निरनिराळ्या कोठ्यांत भरावयाचे, अशी त्यांची अट होती.